हायब्रिड सुपरकपॅसिटर: बॅटरीचे नवे नाव की खरोखर वेगळे साधन?

पंचगंगाकाठ (धागाकर्ते)

नमस्कार. इचलकरंजीत आमचा चोवीस रॅपियर मागांचा लहान कारखाना आहे. आमची अडचण वीज जाण्याची नसून ती अर्ध्या-पाऊण सेकंदापुरती खाली बसण्याची आहे. दूर कुठेतरी फीडरवर बिघाड होतो, दिवे एकदा मिचकावतात आणि तेवढ्यात मागांची रांगच्या रांग थांबते. माग पुन्हा सुरू केला की कापडावर आडवी रेघ उमटते आणि तपासणीत तो तागा दुय्यम ठरतो. पावसाळ्यात असे एका पाळीत तीन-चार वेळा होते. त्यासाठी मोठा यूपीएस आणि लेड-ॲसिड बॅटऱ्यांची खोली सांभाळणे आम्हांला परवडत नाही.

गेल्या महिन्यात एका विक्रेत्याने ‘हायब्रिड सुपरकपॅसिटर’ म्हणून एक संच दाखवला. वीस वर्षे आयुष्य, काही मिनिटांत चार्ज, आगीचा धोका नाही आणि साठवण मात्र लिथियम बॅटरीच्या जवळपास, असे त्याचे म्हणणे होते. पुरावा म्हणून त्याने काही शोधनिबंध दिले. त्यांत एका ग्रॅमला दोन हजार फॅरडपर्यंतचे (फॅरड म्हणजे धारितेचे, विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेचे एकक) आकडे होते. मी विद्युत पदविकाधारक आहे, पदार्थविज्ञान मला कळत नाही. माझे प्रश्न दोन आहेत. हे साधन आतून नेमके कशाचे बनलेले असते? आणि माझ्या अर्ध्या सेकंदाच्या खड्ड्यासाठी ते योग्य आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

विद्युतवेध

आपण प्रश्न फार नीट मांडला आहे. मी चाळीस वर्षे औद्योगिक वीजपुरवठ्यात काम केले, म्हणून आधी ढोबळ हिशेब देतो.

बाजारात मिळणारा ३००० फॅरडचा, २.७ व्होल्टचा साधा सुपरकपॅसिटर घ्या. त्यातील ऊर्जा म्हणजे धारिता गुणिले व्होल्टेजचा वर्ग, भागिले दोन. ती सुमारे १०,९०० ज्यूल येते, म्हणजेच ३ वॅट-तास. त्याचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास असते. म्हणजे किलोमागे ६ वॅट-तास. आता लॅपटॉपमधील बोटभर लांबीचा १८६५० लिथियम-आयन सेल घ्या. २.५ अँपिअर-तास आणि ३.६ व्होल्ट धरले तर ९ वॅट-तास, आणि वजन जेमतेम ४५ ग्रॅम. म्हणजे किलोमागे २००. हे तीसपटींहून मोठे अंतर आहे. ‘सुपरकपॅसिटर आहे आणि लिथियमइतकी ऊर्जाही आहे’ असे कोणी म्हणाले, तर दोन्ही विधाने एकाच सेलबद्दल खरी असणे अवघड.

मात्र ही तुलना किती ऊर्जा साठते याची झाली. ती किती वेगाने बाहेर येते आणि किती लाख वेळा ये-जा करू शकते, याचे पारडे कपॅसिटरच्या बाजूने तितकेच झुकते. पवनचक्क्यांमध्ये पात्याचा कोन बदलणाऱ्या मोटरीला आणीबाणीची वीज देण्यासाठी सुपरकपॅसिटर बसवतात ते याचसाठी. दीडशे फूट उंचावर चढून बॅटरी बदलणे कोणाला हवे असते? शांघायमध्ये २००६ पासून ११ क्रमांकाच्या मार्गावर सुपरकपॅसिटरवर धावणाऱ्या बस होत्या. प्रवासी चढ-उतार करीपर्यंत त्या थांब्यावरच चार्ज होत. दोन थांब्यांपुरती ऊर्जा पुरे होती, म्हणून ते जमले.

सायली_ग्वांग्जू

मी मूळची कोल्हापूरची. सध्या दक्षिण कोरियात याच विषयावर संशोधन करते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देण्याचा प्रयत्न करते.

साध्या सुपरकपॅसिटरमध्ये दोन्ही इलेक्ट्रोड सच्छिद्र कार्बनचे असतात. चार्ज करताना द्रावणातील आयन कार्बनच्या पृष्ठभागाला येऊन चिकटतात. तिथे कोणतीही रासायनिक क्रिया होत नाही, म्हणून काही झिजत नाही आणि चार्ज-डिस्चार्जची लाखो आवर्तने निभतात. बॅटरीत आयन पदार्थाच्या स्फटिकात आत शिरतो, धातूच्या अणूची अवस्था बदलते, स्फटिक थोडा फुगतो व आकसतो. साठवण त्यामुळे पुष्कळ वाढते, पण वेग आणि आयुष्य घटते.

हायब्रिड म्हणजे एक बाजू कार्बनची आणि दुसरी बॅटरीच्या पदार्थाची. यातला लाभ शाळेतल्या एकसर जोडणीच्या सूत्रात दडलेला आहे. समजा, कार्बनची धारिता ग्रॅममागे १०० फॅरड आहे आणि दोन्ही बाजूंना एकेक ग्रॅम कार्बन आहे. दोन कपॅसिटर एकसर जोडले की धारिता निम्मी होते, म्हणजे ५० फॅरड. ती दोन ग्रॅमांत वाटली की ग्रॅममागे उरतात २५. पहिल्या आकड्याचा चौथा हिस्सा. आता एका बाजूला असा पदार्थ ठेवा की ज्याचे विभव (व्होल्टेजची पातळी) चार्ज होताना जवळजवळ हलतच नाही. मग सेलचा सगळा चढ-उतार एकट्या कार्बनच्या वाट्याला येतो आणि धारिता निम्मी होण्याचे टळते. शिवाय बॅटरीच्या पदार्थात ग्रॅममागे विद्युतभार अधिक मावतो, म्हणून ती बाजू हलकी ठेवता येते. वर व्होल्टेजही वाढते, आणि ऊर्जा तर व्होल्टेजच्या वर्गाने वाढते.

ग्लेन अमाटुची आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अशी रचना मांडली. एका बाजूला सक्रिय कार्बन आणि दुसरीकडे लिथियम टायटनेट. पुढे जपानी उद्योगांनी टायटनेटऐवजी लिथियम आधीच भरलेला कार्बन वापरून लिथियम-आयन कपॅसिटर बाजारात आणला. तो ३.८ व्होल्टपर्यंत जातो आणि किलोमागे १० ते २० वॅट-तास देतो. साध्या सुपरकपॅसिटरच्या दुप्पट-तिप्पट म्हणता येईल. लिथियम बॅटरीच्या तो आसपासही नाही.

मृद्गंध

सायलीताई, फार सोप्या शब्दांत सांगितलेत. एक शंका आहे. ‘लिथियम आधीच भरलेला’ म्हणजे काय?

सायली_ग्वांग्जू

मृद्गंध, सक्रिय कार्बनच्या बाजूकडे स्वतःचे लिथियम नसते. बॅटरीत ते धन बाजूच्या ऑक्साइडमधून येते. इथे ते बाहेरून द्यावे लागते, म्हणून सेल बांधतानाच आत लिथियम धातूचा पातळ पत्रा ठेवतात आणि छिद्रे पाडलेल्या तांब्याच्या पत्र्यांतून ते हळूहळू ऋण बाजूच्या कार्बनमध्ये झिरपू देतात. या कामाला कित्येक दिवस लागतात. धातुरूप लिथियमला पाणी व दमट हवा मुळीच सहन होत नाही, म्हणून सगळे काम कोरड्या खोलीत करावे लागते. हा सेल महाग असण्याचे हे एक मोठे कारण आहे. त्याची आणखी एक अट आहे. तो २.२ व्होल्टच्या खाली नेता येत नाही, कारण त्यानंतर ऋण बाजूचे तांबे विरघळू लागते. साधा सुपरकपॅसिटर मात्र शून्यावर आणून निर्धास्तपणे कपाटात ठेवता येतो.

नारळीपोफळी

मी सिंधुदुर्गातला आहे, म्हणून कार्बनबद्दल थोडे लिहितो. सुपरकपॅसिटरमध्ये जो उत्तम कार्बन वापरतात, त्याचा एक प्रमुख कच्चा माल आपली नारळाची करवंटी आहे. करवंटी कठीण आणि दाट असते, राख कमी सोडते आणि तिच्या कोळशात अतिसूक्ष्म छिद्रे फार चांगली तयार होतात. हवा तोडून कोळसा करायचा आणि मग तापलेल्या अवस्थेत त्यावरून वाफ सोडायची. वाफ कार्बन कुरतडत जाते आणि ग्रॅमभर भुकटीला दीड ते दोन हजार चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. म्हणजे ग्रॅमभर काळ्या पुडीत पंधरा-वीस गुंठे जमीन घडी घालून ठेवल्यासारखे आहे.

आमच्याकडे करवंटी चुलीत जाते, थोडी कोळशासाठी विकली जाते. तिच्यापासून शुद्ध, धातूंचे अंश काढून टाकलेला कार्बन इथेच तयार झाला तर किलोचा भाव कुठल्या कुठे जाईल. मला या गोष्टीची मनापासून तळमळ आहे, म्हणून धाग्यात मध्येच आलो.

विद्युतवेध

नारळीपोफळी, आपला मुद्दा अगदी विषयातला आहे. मात्र पृष्ठभाग वाढवला की धारिता तेवढ्याच प्रमाणात वाढते, असे पूर्वी वाटत असे. तसे प्रत्यक्षात होत नाही, असे ऐकतो. सायलीताईंनी सांगावे.

सायली_ग्वांग्जू

बरोबर ऐकलेत, सर. छिद्र फार अरुंद असेल तर आयनाला आत जाता येणार नाही, असा समज होता. द्रावणात आयन एकटा नसतो, द्रावकाच्या रेणूंचा घोळका अंगाभोवती घेऊन फिरतो, म्हणून छिद्र त्या घोळक्याएवढे तरी हवे असे मानत. २००६ मध्ये गोगोत्सी, सिमॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की एक नॅनोमीटरहून लहान छिद्रांत धारिता उलट वाढते. आयन आपले रेणूंचे आवरण दाराशी थोडेफार उतरवून आत शिरतो आणि भिंतीच्या अधिक जवळ जातो. तेव्हापासून छिद्रांचा आकार आयनाच्या मापाचा कसा ठेवायचा, हा कार्बनमधील कळीचा प्रश्न झाला. ग्राफीनबद्दल पुष्कळ लिहिले गेले. त्याचा पृष्ठभाग कागदावर ग्रॅममागे २६३० चौरस मीटर आहे, पण सुटे पापुद्रे वाळताना पुन्हा एकमेकांना चिकटतात आणि आतला पृष्ठभाग हरवतो. करवंटीचा कार्बन आजही मैदानात टिकून आहे तो उगाच नाही.

प्रयोगवही

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि माझी पीएचडी पातळ थरांवरची आहे. विक्रेत्याने दिलेल्या शोधनिबंधांमुळे आमच्या क्षेत्राकडे संशयाने पाहिले जाईल, म्हणून लिहितो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रासायनिक स्नान पद्धतीने, म्हणजे साध्या चंचुपात्रात, कमी तापमानाला धातूंच्या ऑक्साइडांचे थर तयार करण्याची मोठी परंपरा उभी केली. महागडी निर्वात यंत्रे नसलेल्या ग्रामीण महाविद्यालयांतली मुले त्या जोरावर सुपरकपॅसिटरच्या संशोधनात उतरली आणि आज कोरियापासून युरोपपर्यंत काम करीत आहेत. निकेल-कोबाल्ट हायड्रॉक्साइडला ग्रॅममागे हजार-दोन हजार फॅरड मोजले गेले, ते आकडे खोटे नाहीत. ते तशाच प्रयोगातून येतात.

सायली_ग्वांग्जू

सर, मी त्याच परंपरेतली आहे आणि मला तिचा अभिमान आहे. आकडे खोटे आहेत असे माझे म्हणणे नाही. पण त्या पदार्थाला फॅरडमध्ये मोजावे का, याबद्दल मात्र माझा स्पष्ट मतभेद आहे.

फॅरड या एककाला अर्थ केव्हा असतो? व्होल्टेज जितके वाढेल तितक्याच प्रमाणात भार साठत गेला, तरच. कपॅसिटर स्थिर प्रवाहाने डिस्चार्ज केला की आलेख सरळ उतरत्या रेषेचा येतो, आणि त्या रेषेचा उतार म्हणजेच धारिता. निकेल हायड्रॉक्साइडचा आलेख तसा नसतो. तो एका ठरावीक विभवावर सपाट चालतो आणि मग कोसळतो. तो बॅटरीचा आलेख आहे. निकेल-कॅडमियम बॅटरीत हेच रसायन शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आले आहे. सपाट भागावर भाराला व्होल्टेजच्या चिमुकल्या बदलाने भागले की भागाकार वाटेल तेवढा मोठा येतो. त्या दोन हजार फॅरडचा उगम तिथे आहे. असा पदार्थ मिलिअँपिअर-तासांत मोजावा. सिमॉन, गोगोत्सी आणि डन यांनी २०१४ मध्ये हीच गोष्ट ठामपणे मांडली, तरी अजून जुनी सवय सुटलेली नाही.

दुसरे म्हणजे थराची जाडी. आपण चौरस सेंटिमीटरवर एक मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी पदार्थ बसवतो. विक्रीच्या सेलमध्ये तो दहाच्या आसपास असतो. थर जाड झाला की आयनांना आतपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि पातळ थराचा आकडा तिथे तसाच लागू होत नाही. शिवाय सेलच्या वजनात पत्रे, विभाजक, द्रावण आणि डबा असतो, प्रत्यक्ष पदार्थ साधारण तिसरा-चौथा हिस्सा. शोधनिबंधातला आकडा विक्रेत्याच्या हाती गेला की या सगळ्या पायऱ्या गळून पडतात.

प्रयोगवही

जाडीचा मुद्दा मला मान्य आहे. पुढच्या विद्यार्थ्याला मी तो पहिल्याच दिवशी सांगेन. एककाबद्दल मात्र सरसकट विधान नको. रुथेनियम ऑक्साइड आणि मँगनीज डायऑक्साइड हीदेखील धातूंची ऑक्साइडे आहेत, त्यांतही इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण होते, आणि तरीही त्यांचे वर्तन कपॅसिटरसारखे सरळ रेषेचे असते.

सायली_ग्वांग्जू

होय, ते मी लिहायला हवे होते, आभारी आहे. त्यालाच आभासी धारिता म्हणतात. रुथेनियम ऑक्साइडचे हे वर्तन १९७१ मध्ये त्रासाती आणि बुझांका यांनी दाखवले आणि कॅनडात ओटावा येथे ब्रायन कॉनवे यांनी त्याचा सखोल अभ्यास केला. पाणी धरून ठेवणाऱ्या रुथेनियम ऑक्साइडला १९९५ मध्ये ग्रॅममागे ७२० फॅरड मोजले गेले आणि तो आकडा खऱ्या अर्थाने फॅरडचा आहे. अडचण धातूच्या किमतीची आहे. मँगनीज स्वस्त आहे, पण त्याचे ऑक्साइड वीज नीट वाहून नेत नाही, म्हणून ते कार्बनवर पातळ चढवावे लागते.

या वाटेवरचा मला सर्वांत आवडणारा पदार्थ मॅक्सीन. २०११ मध्ये अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात तो सापडला. टायटॅनियम, ॲल्युमिनियम आणि कार्बनच्या थराथरांच्या स्फटिकातून ॲल्युमिनियम आम्लाने विरघळवून काढायचे. उरलेले पापुद्रे धातूसारखी वीज वाहतात आणि त्यांच्या फटींतून आयन झरझर ये-जा करतात. २०१४ मध्ये त्याचा मातीसारखा मळता येणारा लगदा लाटून केलेल्या पापुद्र्यात घन सेंटिमीटरला ९०० फॅरड मिळाले. कार्बनच्या मानाने ते कितीतरी अधिक आहे. पण ओल्या अवस्थेत हवा लागली की तो हळूहळू गंजून टायटॅनियम डायऑक्साइड होतो. त्यावर जगभर काम चालू आहे आणि मीही त्यातच गुंतले आहे.

वऱ्हाडी_वात

आमच्या अकोल्यात उन्हाळ्यात बंद शेडमधील तापमान पंचेचाळिशीच्या वर जाते. तिथे हे वीस वर्षांचे आयुष्य टिकते का?

विद्युतवेध

टिकत नाही, आणि हे मुद्दाम विचारल्याबद्दल आपले आभार. सुपरकपॅसिटरचा ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. उत्पादकाने पंचवीस अंशांना दहा वर्षे सांगितली असतील, तर पंचेचाळीसला अडीच धरा. सुदैवाने यावर एक उतारा आहे. प्रत्येक सेल २.७ ऐवजी २.३ व्होल्टवर वापरला तर झीज बरीच कमी होते. थोडे सेल अधिक लावावे लागतात, पण ते पैसे वाया जात नाहीत.

शिसे_आणि_कार्बन

हायब्रिड म्हटले की सगळे लिथियमकडे वळतात, म्हणून एका स्वस्त हायब्रिडची आठवण करून देतो. लेड-ॲसिड बॅटरी अर्धवट चार्ज अवस्थेत सतत वापरली की ऋण प्लेटवर शिसे सल्फेटचे कठीण स्फटिक साचतात आणि ती मरते. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेने त्याच ऋण प्लेटला कार्बनच्या कपॅसिटर प्लेटची जोड दिली. झटक्याचा प्रवाह कार्बन झेलतो आणि शिशाला सावकाश काम मिळते. २००८ मध्ये अशी बॅटरी बसवलेली होंडा इनसाइट इंग्लंडमधील मिलब्रुक येथील चाचणी मार्गावर १ लाख मैल धावली. आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. ए. के. शुक्ला यांच्या गटाने शिसे-कार्बन हायब्रिडवर काम केले आहे. शिसे गोळा करून पुन्हा वितळवण्याची साखळी देशात आधीपासून आहे. त्या साखळीचा असंघटित भाग घातक आहे आणि तो सुधारलाच पाहिजे, पण कच्चा माल परदेशातून आणण्याची वेळ तरी येत नाही.

मृद्गंध

कच्च्या मालाचा विषय निघालाच आहे, तर सोडियमचा हायब्रिड शक्य आहे का? पुण्यात केपीआयटी या कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान जाहीर केले आणि त्यात आयसर पुणे या विज्ञान संस्थेचा सहभाग होता, असे वाचल्याचे आठवते. रिलायन्सनेही इंग्लंडमधील फॅराडियन ही सोडियम-आयन कंपनी घेतली आहे.

सायली_ग्वांग्जू

शक्य आहे आणि त्यावर बरेच काम चालू आहे. एका बाजूला कठीण कार्बन (हार्ड कार्बन), दुसऱ्या बाजूला सक्रिय कार्बन, मध्ये सोडियमचे क्षार. मोठा लाभ म्हणजे ॲल्युमिनियमशी सोडियमचा मिश्रधातू होत नाही, म्हणून ऋण बाजूलाही तांब्याऐवजी ॲल्युमिनियमचा पत्रा चालतो. तो स्वस्त व हलका असतो आणि सेल शून्य व्होल्टपर्यंत नेला तरी तांबे विरघळण्याची भीती राहत नाही. अडचण अशी की सोडियमचा आयन लिथियमहून मोठा असल्यामुळे बॅटरीची बाजू मंद पडते. कार्बन सेकंदांत तयार आणि जोडीदार मिनिटे मागतो. हायब्रिडची गती नेहमी मंद बाजूच ठरवते.

तारतंत्र

मूळ प्रश्नाकडे येऊ या. पंचगंगाकाठ, प्रत्येकी सव्वातीन किलोवॅटचे तीन माग म्हणजे सुमारे १० किलोवॅट धरले. ड्राइव्हच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राच्या) आत ४१५ व्होल्टचे एकदिश (डीसी) ५६० व्होल्ट होतात. तिथे ५० फॅरडचे २४० लहान सेल एकसर लावले तर प्रत्येकावर २.३३ व्होल्ट येतात. एकूण ऊर्जा सुमारे ३२,७०० ज्यूल. ड्राइव्ह ४२० व्होल्टपर्यंत चालतो असे धरले तर त्यातील ४४ टक्के वापरता येतील. म्हणजे १४,३०० ज्यूल, १० किलोवॅटला सुमारे १.४ सेकंद. काम झाले.

विद्युतवेध

तारतंत्र, पद्धत बरोबर आहे, पण अंतर्गत रोध धरायचा राहिला आणि इथे तोच निर्णायक आहे. ५० फॅरडच्या सेलचा रोध २० मिलिओहम धरा. २४० सेलांचे ४.८ ओहम झाले. १० किलोवॅटचा भार पडताच या रोधामुळे ५६० व्होल्ट थेट ४५४ वर येतील, आणि ४२० ला पोचायला पाव सेकंदही लागणार नाही. आपल्या १.४ सेकंदांतला मोठा वाटा तिथेच गेला. त्याऐवजी ३५० फॅरडचे, ३ मिलिओहमचे सेल घेतले तर एकूण रोध ०.७२ ओहम होतो आणि तोच भार आठ सेकंदांहून अधिक पेलतो. पदार्थाच्या चर्चेतही लोक साठवणीकडे पाहतात आणि रोधाकडे दुर्लक्ष करतात. कण एकमेकांना आणि पत्र्याला किती घट्ट चिकटले आहेत, यावर तो अवलंबून असतो आणि कारखान्याचे कसब तिथे दिसते.

त्याहीआधी पंचगंगाकाठ यांनी एक तपासणी करावी. खड्डा आला की पुष्कळदा पहिला सुटतो तो कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा पुरवठा जोडणारा-तोडणारा विद्युतचुंबकी स्विच. त्याच्या कॉइलचे व्होल्टेज निम्म्याच्या आसपास आले की तो काही मिलिसेकंदांत उघडतो आणि मग ड्राइव्हमध्ये कितीही ऊर्जा असली तरी माग थांबतो. नियंत्रणाच्या चोवीस व्होल्टला आणि कॉइलला आधार द्यायला अगदी लहान संच पुरतो. ते आधी करावे.

तारतंत्र

रोधाची चूक मान्य. माझ्याच कारखान्यात एक संच मागवण्याच्या बेतात होतो. आता सेलची पत्रके पुन्हा काढून बसतो.

पंचगंगाकाठ (धागाकर्ते)

सर्वांचे मनापासून आभार. सायलीताईंनी सरळ रेषेबद्दल लिहिले ते वाचून मी विक्रेत्याच्या नमुन्यातील एक सेल जवळच्या तंत्रनिकेतनात नेला. तिथे प्रवाह स्थिर ठेवणारा लोड आहे. पूर्ण चार्ज केल्यावर सेल २.७ व्होल्ट दाखवत होता, म्हणून सुरुवातीला मला तो खरा सुपरकपॅसिटरच वाटला. मग १० अँपिअरने डिस्चार्ज सुरू केला आणि दर दोन मिनिटांनी नोंद घेतली. थोड्याच वेळात तो २.४ वर आला आणि पुढचा जवळजवळ सगळा वेळ २.४ ते २.२ च्या दरम्यान राहिला. शेवटी २ च्या खाली गेला तो झपकन. एकूण १ तास ५० मिनिटे. सेलचे वजन ५२० ग्रॅम.

सायली_ग्वांग्जू

वा, किती नेटका प्रयोग! १० अँपिअर आणि १ तास ५० मिनिटे म्हणजे सुमारे १८ अँपिअर-तास. सरासरी २.३ व्होल्टने ४२ वॅट-तास, किलोमागे ८०. विद्युतवेध सरांनी सुरुवातीला सांगितलेला त्याच वजनाचा कपॅसिटर ३ वॅट-तास देतो. आपल्या हातात लिथियम टायटनेटची बॅटरी आहे. तिचे पूर्ण चार्जचे व्होल्टेज आणि साध्या सुपरकपॅसिटरचे कमाल व्होल्टेज दोन्ही २.७ च्या आसपास असतात, म्हणून केवळ मीटर लावून फरक कळत नाही. उतार पाहावाच लागतो. साधा सुपरकपॅसिटर २.७ पासून शून्याकडे सरळ उतरतो, लिथियम-आयन कपॅसिटर ३.८ पासून २.२ कडे. लिथियम लोह फॉस्फेटचा सेल ३.२ वर ठाण मांडून बसतो.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. लिथियम टायटनेट हा उत्तम पदार्थ आहे. आयन आत-बाहेर करताना त्याचा स्फटिक जवळजवळ फुगत नाही, म्हणून दहा हजारांहून अधिक आवर्तने मिळतात, आणि त्याच्या विभवामुळे लिथियम धातूचे काटे उगवण्याची भीती फार कमी असते. विक्रेत्याने सांगितलेले सुरक्षिततेचे आणि आयुष्याचे गुण बरेचसे खरे आहेत. खोटे आहे ते नाव, आणि त्या नावाखाली घेतली जाणारी किंमत.

प्रयोगवही

हा प्रयोग मी द्वितीय वर्षाच्या प्रात्यक्षिकात घेणार आहे. तीन सेल, एक लोड, एक घड्याळ. पंचगंगाकाठ, आपल्या नोंदींचा तक्ता मला मिळेल का?

पंचगंगाकाठ (धागाकर्ते)

सर, जरूर पाठवतो. नमुना मी परत केला. दीड-दोन तासांच्या साठवणीचे पैसे अर्ध्या सेकंदासाठी का द्यायचे, हा माझा साधा विचार. विद्युतवेध सरांनी सांगितल्याप्रमाणे सहा मागांच्या कॉन्टॅक्टरच्या कॉइल आणि नियंत्रणाचा पुरवठा आधी सुरक्षित करून घेतला आहे. गेल्या आठवड्यात वीज चार वेळा बसली. सहापैकी तीन माग चारही वेळा चालू राहिले. उरलेल्या तिघांचे ड्राइव्ह व्होल्टेज कमी झाल्याची सूचना देऊन थांबले. तिथे आता ३५० फॅरडचे २४० सेल लावण्याचा विचार आहे. काय काळजी घ्यावी?

विद्युतवेध

तीन गोष्टी सांगतो. पहिली, कोणतेही दोन सेल अगदी सारखे नसतात, म्हणून एकसर माळेत काहींवर व्होल्टेज अधिक चढते आणि ते आधी मरतात. प्रत्येक सेलला समतोल राखणारे सर्किट हवेच. दुसरी, रिकामा संच चालू ड्राइव्हला जोडलात तर तो शॉर्टसारखा वागेल, म्हणून आधी रोधातून सावकाश भरण्याची सोय ठेवा.

तिसरी सर्वांत महत्त्वाची. हा संच भरलेला असताना त्यात सुमारे २ लाख २९ हजार ज्यूल असतील, आणि तेही ५६० व्होल्टवर. मुख्य स्विच बंद केला तरी ते तसेच राहतात. रिकामे करण्यासाठी १०० ओहमचा, सुरुवातीची ३ किलोवॅटहून अधिक उष्णता सोसणारा रोध कायमचा बसवून ठेवा. ५६० चे ५० व्होल्ट व्हायला त्याला सुमारे सहा मिनिटे लागतील. पेटीचे दार उघडणाऱ्याला दिसेल अशा जागी व्होल्टमीटर लावा, आणि तो ५० च्या खाली आल्याशिवाय कोणाचाही हात आत जाऊ देऊ नका.